सायकलचा पुढचा डिरेलर (चेन सरकवणारा भाग) : चेन मोठ्या चेनरिंगवर (पेडलपाशी असलेल्या दातेरी चक्रावर) चढत नाही, लहानवर टाकली की आत पडते

हायब्रिडवाला
३×८ हायब्रिड सायकल (पुढे तीन चेनरिंग, मागे आठ चक्रं), पुढे ४८-३८-२८ दात. केबल नवीन घातल्यापासून मधल्यावरून ४८ वर चेन चढतच नाही, नुसती घासते. २८ वर टाकली की कधीकधी बॉटम ब्रॅकेटवर (पेडलचा आस बसतो त्या भागावर) पडते. एल (केजची आतली हद्द ठरवणारा) आणि एच (बाहेरची हद्द ठरवणारा) दोन्ही स्क्रू फिरवून पाहिले, आता कुठे होते तेही कळत नाही. सुरुवात कुठून करू?

चेनरिंग४८
स्क्रू तूर्तास सोडा. आधी केजची (ज्या दोन पट्ट्यांमधून चेन जाते तिची) उंची आणि कोन पाहा. चेन २८ वर घेऊन केबलचा बोल्ट ढिला करा. ताण असताना डिरेलरला फ्रेमवर धरणारा क्लॅम्प सोडला तर केज सरकते. केज हाताने बाहेर ढकलून बघा: बाहेरची पट्टी ४८ च्या दातांच्या १ ते ३ मिमी वर हवी आणि वरून पाहिल्यावर चेनरिंगला समांतर. इथे चूक राहिली तर पुढचं सगळं वाया जातं.

मग एल. पुढे २८, मागे सर्वांत मोठं चक्र. केजची आतली पट्टी चेनला जेमतेम लागू नये, फट अर्ध्या मिमीपेक्षा जास्त नको. तुमची चेन आत पडते म्हणजे एल सैल आहे, पाव-पाव फेरा घड्याळाच्या दिशेने आवळा.

आता लिव्हर सर्वांत लहान गिअरवर आणून बॅरल (केबलचा ताण जुळवायचा फिरता नट) पूर्ण आत, मग एक फेरा बाहेर. केबल ताणून धरा आणि बोल्ट ५ ते ७ न्यूटन-मीटरला आवळा. एच सर्वांत शेवटी, पुढे ४८ आणि मागे सर्वांत लहान चक्र ठेवून. फटीचा हिशेब तोच, फक्त बाहेरच्या पट्टीचा.

पाना_नंबर_९
यात एक भर. ४८ वर न चढण्याची कारणं दोन, केबल सैल किंवा एच जास्त आवळलेला. पेडल फिरवत डाऊनट्यूबवरची (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवरची) उघडी केबल हाताने फ्रेमपासून दूर ओढा. चेन चढली तर एचला हात लावू नका, ताण कमी आहे. केज अडूनच राहिली तर एच पाव फेरा सोडा.

हायब्रिडवाला
ओढल्यावर लगेच चढली. एल अर्धा फेरा आवळल्यावर आत पडणंही थांबलं.

पाना_नंबर_९
मग बॅरल अर्धा-अर्धा फेरा घड्याळाच्या उलट दिशेने, ताण वाढतो. थांबायचं कुठे ते मधल्या चेनरिंगवर ठरवा: ३८ आणि मागे सर्वांत मोठं चक्र, आतली पट्टी चेनपासून जेमतेम सुटी. नवीन केबलचं आवरण बसलं की ताण पुन्हा थोडा उतरतो, तेव्हा परत बॅरलच, स्क्रू नाही.

चेनरिंग४८
बॉटम ब्रॅकेटखालचं केबल गाइडही पुसून घ्या. पावसाळ्यात तिथे चिखल सुकतो, केबल अडकते आणि लहानवर उतरणं मंदावतं. आणि ४८ सोबत मागचं सर्वांत मोठं चक्र वापरताना थोडं घासलं तर ते जुळवत बसू नका, चेन फार तिरकी जाते. ती जोडी टाळाच.