'पिक अप मी' की 'पिक मी अप'? तुमचे अनुभव सांगा

परवा दादरहून शिवनेरीनं आले, स्वारगेटला उतरले आणि जावयाला मेसेज टाकला, 'प्लीज पिक अप मी'. जावई तमिळ, आमचं दोघांचं इंग्रजीतच चालतं. तो बिचारा लगेच आला, बॅगही त्यानंच उचलली, पण रात्री लेक हळूच म्हणाली, आई, 'पिक मी अप' म्हणतात. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून (पहिलीपासून झालं ते २००० साली), आणि आम्ही पाठ काय केलं तर दोन रकाने, पिक अप म्हणजे उचलणे, पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे, या दोघांच्या मधे कुणी येऊन बसतं हे त्या रकान्यात दिसायचंच नाही. मला वाटतं अजून एक कारण आहे, आपण मराठीत 'पिकअप कर', 'बॅकअप घे', 'चेकआउट केलं' असं दिवसभर बोलतो, म्हणजे शब्द आपल्याकडे आलाय तोच जोडून आलाय, मग तो फोडून मधे मी नाहीतर इट घालायचं सुचणार कसं? नाम असलं तर दोन्ही चालतं, 'टर्न ऑफ द फॅन' म्हणा नाहीतर 'टर्न द फॅन ऑफ' म्हणा. सर्वनाम आलं की मात्र मधेच, 'टर्न इट ऑफ'. तुमचं कुठे अडलं, कसं सुटलं, मोकळेपणी लिहा.

हिंजवडीहून

माझं बोलण्यात नाही, ऐकण्यात अडलं. नोकरीचं पहिलं वर्ष, शुक्रवारी रात्री कॉल, पलीकडचा क्लायंट म्हणाला 'लेट्स पुट इट ऑफ टिल मंडे'. पुट ऑफ मला पाठ होतं हो, पण एकत्र! मधे इट आल्यावर मी तो शब्द ओळखलाच नाही, 'ऑफ' तेवढं ऐकलं आणि घरी आपण लाइट ऑफ कर म्हणतो तसं समजून टेस्टिंगचा सर्व्हर सोमवारपर्यंत बंद करून टाकला. त्यांना फक्त रिलीज पुढे ढकलायची होती. शनिवारी सकाळी सहाला फोन. टीम लीड ओरडला नाही, पण तो वीकेंड माझा गेला तो गेलाच. नवीन मुलांना मी आता यादी देत नाही, अख्खी वाक्यंच देतो, 'कॉल मी बॅक', 'सेट इट अप', 'रोल इट बॅक', आणि इट काढून वाचायचं नाही असं सांगतो.

कोथरूडहून

मला हे कोडं इंग्रजीच्या नाही, जर्मनच्या वर्गात सुटलं. बोट क्लब रोडला मॅक्सम्युलर भवनात जात होते, तिथे पहिल्या पातळीलाच 'आनरूफेन' म्हणजे फोन करणे हे क्रियापद आलं आणि वाक्यात त्याचे दोन तुकडे, 'इश रूफे दिश आन'. 'आन' पार शेवटी, 'दिश' म्हणजे तुला, ते मधे. मी वहीत खाली लिहिलं 'आय कॉल यू अप' आणि बघतच बसले! दोन्ही भाषा एकाच घराण्यातल्या. जर्मन हे पहिल्या महिन्यात रीतसर शिकवतात, इंग्रजी दहा वर्षं शिकले तरी कुणी दाखवलं नव्हतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

सदाशिव पेठेतून

मी चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. नियम फळ्यावर लिहून काही होत नाही हे लवकर कळलं. मग काय करायचो, एका मुलाच्या शर्टाला 'पुट' कागद टाचणीनं लावायचो, दुसऱ्याला 'ऑन', तिसऱ्याला 'स्वेटर'. स्वेटरनं मधे उभं राहावं नाहीतर ऑनच्या पलीकडे, त्याची मर्जी. मग वर्गातला सगळ्यात लहान चणीचा मुलगा 'इट' व्हायचा, त्याला दोघांनी मधेच घ्यायचं, तो पलीकडे गेला की अख्खा वर्ग ओरडायचा. पुढच्या तासाला 'लुक' आणि 'आफ्टर' यायचे, हे दोघं हात धरून, सोडायचेच नाहीत, म्हणून 'लुक आफ्टर हर', 'लुक हर आफ्टर' कधीच नाही. वेट फॉर, लुक अ‍ॅट ही तशीच जोडपी. कानाला पण कळतं बघा, 'टर्न इट ऑफ' म्हणताना जोर ऑफवर येतो, 'लुक अ‍ॅट इट' म्हणताना लुकवर. मी जोराच्या जागी टाळी वाजवायला लावायचो. आता पन्नाशीला आलेले विद्यार्थी लक्ष्मी रोडला भेटले की सांगतात, सर मी इट होतो.

वाकडहून

मी नर्स आहे, चार वर्षं लीड्सला होते. तिथले म्हातारे पेशंट 'गिव्ह इट मी' म्हणायचे, 'टू' नाहीच, उत्तर इंग्लंडात तसंच बोलतात, मला आधी वाटायचं मीच चुकीचं ऐकतेय. पण मनाला लागलेली गोष्ट वेगळीच आहे. तिकडे माझं ऑपरेशन झालं तेव्हा वॉर्डातल्या एका सीनियर सिस्टरनं मला आईसारखं सांभाळलं. निघताना तिला कार्ड दिलं, त्यात लिहिलं 'यू सॉ थ्रू मी'. मला म्हणायचं होतं 'यू सॉ मी थ्रू', म्हणजे माझ्या कठीण दिवसांतून तू मला पार नेलंस. मी लिहिलं त्याचा अर्थ होतो, माझं ढोंग तू ओळखलंस. एक मी इकडचा तिकडे! तिनं वाचलं, पेन घेतलं, थ्रूच्या खालून बाण काढून मीच्या पुढे नेला आणि मला जवळ घेतलं. कार्ड तिच्याकडेच आहे.

धनकवडीतून

छोटंसंच. डेक्कनच्या स्टॉपवर लंडनहून आलेल्या भाच्याला दाखवलं, 'हिअर कम्स द बस'. बरोबर. मागून दुसरी आली तर मी म्हटलं 'हिअर कम्स इट', तो म्हणाला मामी, 'हिअर इट कम्स'. आपण 'आली बस' म्हणतो आणि 'आली बघ ती' पण म्हणतो, आपल्याकडे क्रियापद दोन्हीकडे पुढेच येतं ना. त्यांच्याकडे सर्वनाम आलं की त्याला क्रियापदाच्या आधी घ्यावं लागतं. मग कात्रजपर्यंत आम्ही तेच खेळत गेलो, 'ऑफ वी गो', 'अप शी गेट्स', 'इन ही कम्स'. कंडक्टर आले तेव्हा भाचा मोठ्यांदा म्हणाला 'हिअर ही कम्स', आणि त्यांनी त्याचं तिकीट त्याच्याच हातात दिलं.