मदत हवी आहे: नैरोबीहून एका दिवसाची सफारी, नैरोबी नॅशनल पार्क की अंबोसेली?

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत आम्ही केनियाला जातोय. ताई नैरोबीला असते, तिचं बाळंतपण तिकडेच आहे. आई तिच्याजवळ थांबेल आणि मला व बाबांना (वय ६८) एखादा दिवस मोकळा मिळेल. पहाटे निघून रात्री घरी. मुक्कामाला बाबा तयार नाहीत आणि त्यांचं म्हणणं मला पटतं, त्यामुळे 'दोन रात्री तरी काढा' हा सल्ला कृपया देऊ नका.

बाबांबद्दल थोडं सांगते, कारण प्रश्न त्यांच्यामुळेच पडलाय. नोकरीत असताना ते बुद्धपौर्णिमेला ताडोबा, मेळघाटात पाणवठ्यावरच्या प्राणीगणनेला जायचे. रात्रभर मचाणावर. त्यांची वही अजून घरात आहे. एक नोंद अशी: 'रात्री २.४०. अस्वल, मादी. पाठीवर दोन पिल्लं. पाणी पिताना पिल्लं उतरली नाहीत.' पुढची नोंद थेट ४.०५ ची. मधल्या वेळात काहीच आलं नाही, पण ते जागे होते. वाघ दिसला नाही म्हणून ते कधी हळहळले नाहीत. वायरलेसवर खबर आली की दहा गाड्यांनी एकाच सिंहाभोवती कोंडाळं करायचं, असली सफारी मला त्यांना दाखवायची नाही. त्यांना एका जागी बसून तासन्‌तास बघता यावं, एवढीच इच्छा आहे.

नैरोबी नॅशनल पार्क ताईच्या घरापासून जवळ आहे. १९४६ मध्ये झालेलं, ११७ चौ. किमी.चं अभयारण्य, शहराला अगदी खेटून. तीन बाजूंना कुंपण, दक्षिणेची बाजू मोकळी. काळे गेंडे चांगले दिसतात, सिंह आहेत, जिराफ आणि झेब्रे तर आहेतच. सकाळी सहाला गेट उघडताच आत शिरता येईल आणि प्रवासाचा त्रास शून्य. १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष मोई यांनी १२ टन हस्तिदंत जाळलं ती जागाही याच पार्कात आहे, ती बाबांना नक्की बघायची आहे. पण इथे हत्ती नाहीत.

आणि बाबांचा जीव हत्तींमध्ये आहे, म्हणून अंबोसेली नॅशनल पार्क डोक्यातून जात नाही. तिथे अमेरिकन संशोधक सिंथिया मॉस १९७२ पासून हत्तींचा अभ्यास करत आल्या आहेत. कानांच्या कडा, त्यांवरची भोकं, शिरा यांवरून एकेक हत्ती ओळखतात, कुटुंबागणिक नोंदी ठेवतात आणि एका कुटुंबातल्या सगळ्यांची नावं एकाच अक्षरावरून ठेवतात. हे वाचून दाखवलं तेव्हा बाबा बराच वेळ त्याबद्दलच बोलत होते. किलिमांजारोचं पाणी जमिनीखालून येऊन तिथे दलदली तयार होतात. हत्ती दिवसा त्या दलदलीत उतरतात आणि संध्याकाळकडे परत कोरड्या भागात जातात. म्हणजे आम्ही दहा-अकराला पोचलो तरी हत्तींच्या दृष्टीने उशीर होणार नाही, असा माझा हिशोब आहे. किलिमांजारो तोवर ढगात गेलेला असेल, पण त्याचं मला फार काही नाही.

शिवाय तिथे ऑब्झर्वेशन हिल आहे. गाडीतून उतरून टेकडीवर चढता येतं आणि खाली दलदल पसरलेली दिसते. बाबांना यापेक्षा चांगलं मचाण कुठे मिळणार?

अडचण रस्त्याची आहे. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, एका बाजूने चार ते पाच तास. बाबांना कंबरेचा त्रास आहे. जे या रस्त्याने गेले आहेत त्यांनी सांगा: एमालीपर्यंतचा मोंबासा हायवे आणि पुढे किमाना गेटकडचा रस्ता कसा आहे? धक्के कुठे बसतात? नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून सकाळी जाऊन त्याच संध्याकाळी परतता येईल असं छोटं विमान कोणी घेतलंय का? टेकडीची चढण ६८ वर्षांच्या माणसाला झेपेल का, वर सावलीत बसायला जागा आहे का?

दुसरं, ड्रायव्हर-गाइडला 'आम्हाला फिरायचं नाही, दोन तास इथेच थांबा' असं सांगितलं तर ते ऐकतात का? एका टूरवाल्याने 'एका दिवसात बिग फाइव्ह' (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) असं लिहून पाठवलं, तिथेच मी पुढचं बोलणं थांबवलं. मला शांत, पक्ष्यांचीही माहिती असलेला गाइड हवाय. फक्त आम्हा दोघांसाठी छप्पर उघडणारी गाडी मिळाली तर उत्तम. असा कोणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पिवळ्या तापाच्या लशीबद्दलही विचारायचंय. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी ती घ्यावी लागते हे माहीत आहे. पण साठीच्या पुढे पहिल्यांदाच लस घेताना धोका थोडा जास्त असतो म्हणतात. तुमच्या आईवडिलांच्या वेळी डॉक्टरांनी काय तपासलं? बाबांना बीपीची गोळी चालू आहे. निर्णय डॉक्टरच घेतील, मला फक्त आधी कोणते कागद जमवावेत ते कळलं तर बरं.

जेवण ताईकडून डब्यात नेऊ. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून बंदी आहे आणि पार्कात पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्याही चालत नाहीत, म्हणून स्टीलच्या बाटल्या घेतल्यात.

संपादन: मसाई मारा सुचवणाऱ्यांचे आभार. पण विल्डबीस्टचे (आफ्रिकेतल्या मोठ्या कुरंगांचे) कळप फेब्रुवारीत सेरेंगेटीच्या दक्षिणेला, विणीसाठी गेलेले असतात. मारा नदी ओलांडतानाचं दृश्य साधारण जुलै ते ऑक्टोबरमधलं. एका दिवसासाठी तो खर्च आत्ता नको वाटतो. गाडीचं बुकिंग या आठवड्यात करायचंय, त्यामुळे अंबोसेलीच्या रस्त्याबद्दल आधी लिहिलंत तर फार मदत होईल.