मदत हवी आहे: पक्षीनिरीक्षणाच्या छोट्या त्रैमासिकात स्वयंसेवकांना कामं कशी वाटून द्यावीत?

नमस्कार मंडळी,

सोलापूर भागातले आम्ही काही पक्षीवेडे मिळून एक त्रैमासिक काढतो. ३२ पानं, ३०० प्रती, जाहिराती नावापुरत्या, पगार कोणालाच नाही. पाच वर्षं मी आणि एक निवृत्त सर, दोघांनीच गाडा ओढला. आता सरांचे डोळे साथ देत नाहीत, म्हणून गटावर 'स्वयंसेवक हवेत' असं टाकलं. अकरा जण आले. आनंद अर्धा तास टिकला. आठ जणांना फोटो द्यायचेत, दोघांना सहसंपादक व्हायचंय. एक मुलगी तेवढी म्हणाली, "काय अडलंय ते सांगा, तेच करते." तिला काय सांगावं हेच सुचेना. कामांची यादी माझ्या डोक्यात आहे, कागदावर कधी उतरलीच नाही.

दोन फजित्याही सांगून टाकतो. मागच्या हिवाळी अंकात 'पांढुरका भोवत्या, मादी' म्हणून छापलेला फोटो माँटेग्यूच्या भोवत्याचा निघाला (भोवत्या म्हणजे हॅरियर, शिकारी पक्षी). या दोन माद्या ओळखताना भलेभले चकतात, पण आम्ही कोणाला विचारलंच नव्हतं. दुसरी चूक जास्त लागली. शृंगी घुबडाच्या घरट्याचा फोटो छापला आणि खाली गावाचं नाव, ओढ्याचं नावसुद्धा. पुढच्या रविवारी ओढ्याच्या काठाला सहा गाड्या. चूक सर्वस्वी माझी.

तर कोणती कामं वेगळी काढावीत? आणि 'तुमचा फोटो घेत नाही' हे कोणी सांगायचं? गावात रोज तोंडं बघायची असतात हो.

माळरान:
सहसंपादक राहू द्या, आधी नोंदी तपासणारा माणूस नेमा. नोंद आली की त्याने तारीख, वेळ, ठिकाण, संख्या, कोणी पाहिलं आणि पुरावा काय, एवढं विचारायचं. यातलं काही नसेल तर नोंद परत. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही वेगळी वाटणारी नोंद त्या भागातला जाणकार स्वयंसेवकच तपासतो, त्यात कोणी अपमान मानत नाही.

रानपिंगळ्याचं आठवा, हे छोटं घुबड शंभरावर वर्षं कोणाला सापडलंच नव्हतं. खरा शेवटचा नमुना १८८४ चा. माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश कर्नलने १९१४ सालचा म्हणून जो दाखवला तो संग्रहालयातून चोरून चिठ्ठी बदललेला होता. त्या चिठ्ठीवर विसंबून लोक भलत्या जागी शोधत बसले. शेवटी १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि सोबत्यांनी जुन्या खऱ्या नोंदींचा माग काढला आणि पक्षी सापडला तो आपल्या शहाद्याजवळ. एका खोट्या चिठ्ठीची किंमत एवढी. तुमचा अंकसुद्धा तीस वर्षांनी कोणीतरी पुरावा म्हणून उघडणार आहे.

फोटोवाल्यांसाठी एक ओळ अंकातच छापा: घरट्याचे, पिल्लांचे फोटो घेतले जात नाहीत. मग नाही म्हणणारे तुम्ही नसता, नियम असतो.

फर्मा१६:
वीस वर्षं छपाईत काढलीत म्हणून बोलतो. तुमचं खरं दुखणं मजकूर जमवण्यात असणार. एक लेख श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये, एक व्हॉट्सॅपवर तुकड्यातुकड्यांत, एक वहीच्या पानाचा फोटो. बरोबर ना? फॉन्ट बदलून युनिकोड केलं की रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो आणि 'गर्द'चं काहीही होतं. त्यामुळे एक माणूस फक्त मजकूर युनिकोडमध्ये आणायला आणि दुसरा, ज्याने तो मजकूर आधी पाहिलेला नाही असा, मुद्रितं (छपाईआधीची प्रूफं) वाचायला. दोन्ही एकाच माणसाला देऊ नका, स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. ३२ पानं म्हणजे सोळा-सोळा पानांचे बरोब्बर दोन फर्मे (एका कागदावर एकदम छापली जाणारी पानं), तेव्हा 'अजून दीड पान घ्या ना' म्हणणाऱ्याला हे गणित दाखवा.

बांधावरची:
नावांसाठीही कोणीतरी हवं. एका लेखात खंड्या, दुसऱ्यात धीवर, तिसऱ्यात किंगफिशर असं वाचून शाळेतली पोरं गोंधळतात. एक यादी ठरवा, पण मेंढपाळ, मच्छीमार जे नाव सांगतात ते कंसात ठेवाच. मारुती चितमपल्ली तुमच्या सोलापूरचेच. रानातल्या माणसांकडून शब्द वेचण्यात त्यांनी हयात घालवली आणि तुमच्याच अंकात गावची नावं नसावीत? हे काम त्या आठ फोटोवाल्यांना द्या. एवीतेवी ते माळावर फिरतातच, चार म्हाताऱ्यांशी बोलतीलही.

रिकामा_घडा:
पुढच्या अंकात संपादकांचाच फोटो छापा. मादी की नर, वाचक ओळखतील. (हलके घ्या.)

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. रिकामा_घडा, तुम्हाला वर्गणीची पावती पाठवतो आहे.

रविवारी बैठक झाली. कामं कागदावर मांडली तर चौदा भरली, मीच चक्रावलो. नोंदवही त्या मुलीकडे दिली. ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणून एक-दोघांनी नाकं मुरडली. सर म्हणाले, "वय कशाला बघता, वही बघा." तिची वही पाहिली: उजनीवरचे पट्टकादंब (बार-हेडेड गूज), मोजलेले किती, अंदाजाने किती, वेगवेगळ्या रकान्यांत. विषय संपला. मुद्रितं एका बँकेतून निवृत्त झालेल्या बाईंनी मागून घेतली. आठपैकी तीन फोटोवाले नावं गोळा करायला तयार झाले, दोघे रुसून गेले, बाकीचे 'बघू' म्हणालेत.

तिने परत पाठवलेली पहिली नोंद माझीच. लाल पेनने शेरा: "तारखेच्या जागी 'मागच्या रविवारी' लिहिलंय. संख्या नाही. फोटो नाही." मी मुकाट्याने डायरी काढली.

आता अडलंय ते एवढंच: ५ नोव्हेंबरला पक्षी सप्ताह सुरू होतो, त्याआधी अंक वाचकांच्या हातात पडायला हवा आणि पाकिटांवर पत्ते चिकटवायला अजून कोणीच पुढे आलेलं नाही. सोलापुरातलं कोणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. चहा-भजी आमच्याकडून.