टर्बो पेट्रोलला ऑइल कॅच कॅन कोणता बसवावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. इंजिनातून येणाऱ्या वाफेतलं तेल इनटेकमध्ये जाण्याआधी अडवणारा डबा, म्हणजे कॅच कॅन, बसवायचा विचार आहे. गाडी 1.0 लिटर टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शन, 62 हजार किमी झालेली. राहतो साताऱ्यात, आठवड्यातून दोनदा पुणे, म्हणजे खंबाटकी घाट ठरलेलाच.

परवा इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग) पाइप काढला आणि आतून बोट फिरवलं, तर काळपट तेल लागलं. टर्बोचा शाफ्ट हलवून पाहिला, खेळ नाही. धूरही नाही. तेल ब्रीदरमधूनच (इंजिनातली वाफ बाहेर काढणारी नळी) येतंय असं मेकॅनिक म्हणतो, मलाही ते पटतं. या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवर पडतच नाही, त्यामुळे तेलाच्या वाफेने तिथे साचणारा कार्बन धुतला जात नाही. जीव अडकलाय तो तिथे.

एक स्वस्तातला कॅन उघडून पाहिला. नुसता ॲल्युमिनियमचा डबा, आत ना बॅफल (वाफेला अडवणारे पडदे) ना जाळी! तेलाची वाफ एका नळीने येणार आणि दुसरीने तशीच निघून जाणार. असला नको.

बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) नसताना वाफ इनटेक मॅनिफोल्डकडे (सिलिंडरना हवा वाटणारा भाग) जाते, बूस्टमध्ये टर्बोच्या तोंडाकडे. मग दोन्ही लाइनींना वेगळे कॅन लावायचे, की चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वाफ जाऊ देणारा) घालून एकात भागतं? वाफ बाहेर सोडणारा प्रकार मला नकोच, केबिनमध्ये वास येतो आणि हवेतही घाण जाते.

पावसाळ्यात छोट्या फेऱ्या जास्त होतात, तेव्हा कॅनमध्ये दुधाळ पाणी साचतं म्हणे. कुणी वापरत असाल तर किती किलोमीटरला रिकामा करता, आणि जाळी कशाने धुता, तेवढं नक्की सांगा.