थंडीत पिकअपचे मागचे शॉकअप कुरकुरतात, बदलायचे का?

प्रश्न: मिनेसोटात आहे, मागे पाटे (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) असलेला पिकअप. पारा उणे १५ सेल्सिअसखाली गेला की पहिले ५-६ मैल खड्ड्यात मागून 'कर्रर्र' येतं, मग गाडी गप्प. शॉकअप गेले का?

उत्तर १: घाई नको. गारठ्यात शॉकअपमधलं तेल घट्ट होऊन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रांतून जड सरकतं. गाडी चालली की गरम होतं. शॉकअपची नळी पुसून ठेवा, चार दिवसांनी बघा. नुसता ओलसर थर चालतो. तेलाचा ओघळ खाली उतरून त्यावर धूळ चिकटली असेल तर तेल अडवणारं सील गेलं. मग दोन्ही बाजूंचे एकदमच बदला.

उत्तर २: 'कर्रर्र' बहुतेक बुशचा, म्हणजे जोडातल्या रबरी नळकांड्याचा. थंडीत रबर कडक होतं. चाकं जमिनीवरच ठेवून एकाने गाडी हलवावी, दुसऱ्याने एका वेळी एकाच बुशवर सिलिकॉन स्प्रे मारावा. जिथे आवाज थांबला तो चोर. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस अजिबात लावू नका, रबर फुगून सुटतं. अँटी-रोल बारचे (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचे) बुश आणि पाट्यांच्या डोळ्यातले, म्हणजे टोकाच्या गोल कड्यातले बुशही तपासा. दोष त्यांचा आणि खर्च शॉकअपवर, हे फार होतं.

उत्तर ३: नवे बसवलेत तर बोल्ट आधी हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा आणि मगच मॅन्युअलमधल्या टॉर्कने (ठरलेल्या पिळाच्या जोराने) आवळा. जॅकवर लोंबकळत असताना आवळले की बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं, लवकर फाटतं. 'कर्रर्र'ऐवजी 'ठक' येत असेल तर आधी हेच बोल्ट ढिले आहेत का बघा.