मदत हवी आहे : स्तनकर्करोग संशोधनासाठी जमवलेला निधी कसा पाठवावा?

नमस्कार. ऑक्टोबर हा स्तनकर्करोग जागृतीचा महिना असल्याने धरमपेठेतील आमच्या भिशी मंडळाने घरी केलेली सांबारवडी व संत्रा बर्फी विकून निधी जमवला असून, तो बहुतांशी दहा-वीसच्या चुरगळलेल्या नोटांच्या रूपात बिस्किटांच्या डब्यात, माझ्या कपाटात आहे. मुंबईच्या टाटा मेमोरिअलसारख्या संस्थेला देताना तो केवळ संशोधनासाठीच वापरला जावा, असे लेखी कसे कळवावे? २००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर आयकरात सवलत मिळत नसल्याने रक्कम एका सदस्येच्या खात्यात भरावी म्हटले, तर पावती तिच्याच नावे निघेल, आणि (हिशेबाला आम्ही साऱ्याच पक्क्या!) ते कोणालाच रुचणार नाही. नोंदणी नसलेल्या एखाद्या मंडळाने असा व्यवहार केला असल्यास कृपया मार्ग सुचवावा.