चढाई आणि मदतनिधी

कर्करोगासाठी मदतनिधी जमवायला डोंगर चढायची मोहीम काढली की कुणीतरी विचारतंच, ‘थेट पैसे द्या की, त्यासाठी डोंगर कशाला चढायचा?’ हा प्रश्न रास्त आहे. पण एरवी खिशात हात न घालणारे लोक ओळखीचं कुणी चालतंय म्हटल्यावर घालतात, हेही खरं. टेरी फॉक्सचंच घ्या. हाडाच्या कर्करोगामुळे उजवा पाय गमावलेला हा तरुण १९८० मध्ये कृत्रिम पायावर कॅनडात १४३ दिवस धावला, ५,३७३ किलोमीटर! आजार फुप्फुसात पोचला म्हणून थांबावं लागलं. मागणी काय, तर प्रत्येक देशवासीयाकडून एक डॉलर. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत २.४ कोटी डॉलर जमले होते.

रुग्णांनाही सोबत नेणार असाल तर वाट त्यांच्या बेताची निवडा. केमोथेरपीच्या (कर्करोगावरच्या औषधोपचाराच्या) काही औषधांनी तळपाय बधिर होतात, तेव्हा चढापेक्षा उतार धोक्याचा. शस्त्रक्रियेत काखेतल्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड्स) काढल्या असतील तर त्या बाजूच्या खांद्यावर जड सॅक नको, हात सुजू शकतो. प्लेटलेट्स कमी असतील किंवा आजार हाडांत गेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

आणि पैसा संशोधनाला जाणार, औषधांना की रुग्णांच्या प्रवासखर्चाला, हे पावती फाडण्याआधी सांगा. टी-शर्ट-बॅनरवरच निधी उडवायचा असेल तर मग वरचा आक्षेप मलाही मान्य.